खानदेशी खरकटं आणि काळी सैनिक माशी: रोजच्या ३० किलोंचं युनिट कसं चालवायचं

खरकटं खायला काळ्या सैनिक माशीच्या अळीला शिकवावं लागत नाही. क्रेटमध्ये ओतलं की ती कामाला लागते, आणि वाढलेली अळी कोंबड्या-माशांचं खाद्य होते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हे काम फसतं ते दोन कारणांनी. एक तर क्रेटमधलं तापमान चाळिशी ओलांडतं, नाहीतर तर्रीचं तेल आणि पाणी मिळून तळाशी चिखल होतो. म्हणून इथे माशीचं कौतुक थोडं आणि उष्णता-ओलाव्याचा हिशोब जास्त केला आहे.

माशी कोणती, तर ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे काळी सैनिक माशी. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. मूळची अमेरिका खंडातली, आता सगळ्या उष्ण प्रदेशांत आढळते, आपल्या उकिरड्यांवरही. लांबट, काळी, लांबून गांधीलमाशी वाटावी अशी. पण पंख दोनच आणि नांगी नाही. पोटाच्या सुरुवातीला दोन अर्धपारदर्शक ठिपके आणि पायांची पांढरी टोकं, एवढ्यावरून ती पक्की ओळखता येते. मोठी झालेली माशी पाणी पिते, खात जवळपास काहीच नाही, त्यामुळे घरमाशीसारखी ताटावर घोंगावत नाही. आठवडाभरात जोडी जमवते, अंडी घालते आणि मरते. खाणं उरकायचं ते अळीच्या वयातच. अंडं ३ ते ४ दिवसांत फुटतं, अळी अनुकूल तापमानात दोन-अडीच आठवडे खाते, मग खाणं सोडून काळपट होते आणि कोरड्या जागेच्या शोधात चढू लागते. कोषातून माशी बाहेर यायला आणखी दोन-तीन आठवडे.

आधी ठरवा, अळ्या खाणार कोण

खरकटं गोळा करणं सोपं असतं, रोज निघणाऱ्या पाच किलो अळ्या जिरवणं अवघड. घराशेजारी शे-दोनशे गावरान कोंबड्या असतील, किंवा शेततळ्यात मासे सोडले असतील तरच सुरुवात करा. ‘आधी उत्पादन काढू, गिऱ्हाईक मग बघू’ असं म्हणणाऱ्यांच्या अळ्या पोत्यातच माश्या होऊन उडून जातात.

खरकट्यावर वाढलेली अळी कोणाला द्यायची याचंही भान हवं. युरोपीय संघाने कीटकांचं प्रथिन २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात वापरायला परवानगी दिली, पण त्या कीटकांना हॉटेलातलं खरकटं घालायला मनाई ठेवली. खाद्य कंपनीला माल विकायचा विचार असेल तर डाळमिलची चुनी (डाळीचा चुरा), भाजी-फळांचा टाकाऊ माल यांवर वेगळी तुकडी वाढवा. स्वतःच्या कोंबड्यांसाठी खरकटं वापरायचं असेल तर एक नियम मोडू नका: चिकनचे तुकडे, हाडं, अंड्याची टरफलं असलेला माल त्या क्रेटमध्ये जाता कामा नये. कोंबडीचे अवशेष फिरून कोंबडीच्याच पोटात गेले की रोगाचं चक्र पूर्ण होतं. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनी २००६ आणि २०२१ मध्ये बर्ड फ्लू पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

हिशोब

रोजचं ३० किलो ओलं खरकटं धरू. दोन खानावळी आणि एक मध्यम सोसायटी मिळून एवढं सहज निघतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक मानलं; तिथवर जायचं असलं तरी पहिले सहा महिने ३० किलोंवरच राहा.

पायाचं प्रमाण असं: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका क्रेटमध्ये पाच दिवस वयाच्या १०,००० अळ्या आणि १२ दिवसांत एकूण १५ किलो ओलं खाद्य. ते एकदम ओतायचं नाही. पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी ५-५ किलो. रोज दोन नवे क्रेट सुरू केले की दोन क्रेट पहिल्या हप्त्यावर, दोन दुसऱ्यावर, दोन तिसऱ्यावर असतात आणि रोजचे ३० किलो बरोबर संपतात. एका वेळी २४ क्रेट चालू, चार सुटे, म्हणजे २८ क्रेट लागतील. रोज २०,००० लहान अळ्या हव्यात, त्यासाठी साधारण १ ग्रॅम अंडी.

बाजारात केळी आणि टोमॅटोचे जाळीदार क्रेट ढिगाने मिळतात, पण ते इथे चालत नाहीत. अळी बोटभर फटीतूनच काय, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या भोकातूनही निसटते. तळ आणि बाजू बंद असलेले, १७ ते २० सेंटिमीटर उंचीचे घ्या. जाळीदार क्रेट फेकू मात्र नका. दोन बंद क्रेटच्या मध्ये एक जाळीचा ठेवला की थप्पी लावताना हवा खेळती राहते.

उत्पन्न किती? चांगल्या खाद्यावर ओल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ताज्या अळ्या मिळतात. भात-पोळीच्या खरकट्यावर ३० किलोंमागे ४ ते ६ किलो धरा. वाळवल्यावर त्याचा एक तृतीयांश उरतो. वाळलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिन आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. खाद्य बदललं की चरबीचा आकडा बराच हलतो.

जागा

अळीला २७ ते ३० अंश मानवतात. भुसावळचा मे पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि दहा हजार अळ्या एकत्र खात असतात तेव्हा त्यांच्या हालचालीने क्रेट बाहेरच्या हवेपेक्षा ५ ते १० अंशांनी जास्त तापतो. बाहेर ३८ असेल तर आत ४५ होऊ शकतं, आणि तिथे अळ्या मरतात.

म्हणून नुसती पत्र्याची शेड नको. पत्रा असलाच तर त्यावर तुराट्या किंवा केळीच्या वाळलेल्या पानांचा वीतभर थर टाका. कडुलिंबाच्या सावलीत, पूर्व-पश्चिम लांबीची, दोन्ही बाजूंनी हिरवी शेडनेट आणि आतून बारीक जाळी असलेली शेड बरी. आपल्याकडे घरोघरी असतो तो मोठा कूलर इथे दुहेरी कामाचा: हवा गार करतो आणि मे महिन्यातली कोरडी हवा ओली करतो. पावसाळ्यात तोच कूलर बंद ठेवायचा, नाहीतर क्रेट सुकतच नाहीत.

रॅकचे चारही पाय पाणी भरलेल्या डब्यांत ठेवा, पाण्यावर चमचाभर खराब तेल टाका. मुंग्या अडतात आणि डास होत नाहीत. मुंग्यांनी एका रात्रीत अंड्यांचा पुंजका फस्त केल्यावर हे डबे आठवतात, पहिल्या दिवशी कोणी ठेवत नाही.

अंडी: विकत घ्या, पकडा, मग स्वतःची करा

जुलै ते ऑक्टोबरमध्ये माशी फुकट मिळते. बादलीत गव्हाचा कोंडा, थोडी कुजलेली फळं आणि पाणी कालवून तीन-चार दिवस आंबवा, वरच्या काठाला नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे बांधा आणि झाडाखाली, पावसापासून आडोशाला ठेवा. मादी सहसा ओल्या कचऱ्यात अंडी घालत नाही. कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत घालते. पुठ्ठ्याच्या नळ्यांत फिकट पिवळसर पुंजके दिसले की काम झालं. घाई असेल तर पैदासकाराकडून ५ ग्रॅम अंडी घ्या, पण एप्रिल-मेमध्ये कुरिअरने मागवू नका. गाडीच्या डब्यात ती शिजतात.

स्वतःच्या पैदाशीसाठी मच्छरदाणीचा पिंजरा पुरतो: साधारण १ मीटर लांब-रुंद, दीड मीटर उंच. सकाळचं ऊन थेट पडलं पाहिजे, कारण माश्या उजेडाशिवाय जोडी जमवत नाहीत. दुपारी बारानंतर सावली. आत वाळलेल्या फांद्या किंवा कृत्रिम वेली टांगा, बसायला जागा होते. दिवसातून दोनदा जाळीवर बारीक फवारा मारा. उन्हाळ्यात चार वेळा, सोबत एका बाजूने ओलं गोणपाट. हवा कोरडी असली की अंडी आतल्या आत सुकतात आणि पुंजका दिसायला ठीक असूनही फुटत नाही.

अंडी घालायला लाकडी पट्ट्या करा: दोन इंच रुंद, फूटभर लांब तीन पट्ट्या एकावर एक, मध्ये टाचणीच्या जाडीची फट, दोन्ही टोकांना रबर. त्यांच्या खाली ट्रेमध्ये आंबट वासाचं खरकटं, अळ्यांनी खाऊन उरलेला थोडा जुना चोथा आणि मेलेल्या माश्या, वर जाळी. वासाने मादी येते, जाळीमुळे आत उतरत नाही, फटीत अंडी घालते. एक दिवसाआड बोथट सुरीने अंडी खरवडा.

१ ग्रॅममध्ये ३५ ते ४० हजार अंडी असतात. किराणा दुकानाचा काटा इथे कामाचा नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा सराफी काटा हवा. जळगावच्या सराफ बाजारात तो शोधत फिरावं लागत नाही.

पिंजरा चालू ठेवायला रोजच्या काढणीतल्या शंभरातल्या चार-पाच अळ्या परत पैदाशीसाठी ठेवा, त्याही सर्वांत मोठ्या आणि निरोगी. त्यांना कोरडा लाकडाचा भुसा असलेल्या अंधाऱ्या डब्यात कोषात जाऊ द्या. लोक नेमकं उलटं करतात: चांगल्या अळ्या विकतात आणि खुरटलेल्या पैदाशीला ठेवतात. दोन-तीन पिढ्यांत अंड्यांचं वजन घसरतं आणि दोष हवामानाला दिला जातो.

पहिले पाच दिवस

नुकत्याच फुटलेल्या अळ्यांना खरकट्यात टाकू नका, मीठ आणि तेलाने त्या मरतात. १ ग्रॅम अंड्यांसाठी १५० ग्रॅम गव्हाचा कोंडा, १५० ग्रॅम तुरीची चुनी आणि ७०० मिलिलिटर पाणी एकत्र कालवा. डाळमिलच्या भागात चुनी स्वस्त पडते आणि प्रथिनाची बाजू सांभाळते. नसेल तर पिल्लांचं कोंबडीखाद्य घाला. हे मिश्रण पसरट टबमध्ये ठेवा. अंडी थेट त्यावर नाहीत, तर बारीक चाळणीत ठेवून चाळणी टबावर टेकवा. फुटलेल्या अळ्या खाली पडतात आणि अंडी बुरशीपासून वाचतात. वर पातळ कापड बांधा, नाहीतर घरमाशी आपली अंडी त्यातच घालून जाते.

अंडी फुटल्यापासून पाचव्या दिवशी अळी तांदळाच्या कणीएवढी होते. आता मोजणी. बारीक चाळणीने अळ्या वेगळ्या करा, १ ग्रॅम वजन करून पांढऱ्या कागदावर एकेक मोजा. समजा ४५० भरल्या, तर १०,००० अळ्यांसाठी साधारण २२ ग्रॅम लागतील. हे मोजणं कंटाळवाणं आहे आणि अंदाजाने चालवायचा मोह होतो. अळ्या कमी पडल्या तर खाद्य कुजतं, जास्त झाल्या तर सगळ्या खुरटतात. पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

ग्रॅमभर अंड्यांतून पाचव्या दिवसापर्यंत २० ते २५ हजार अळ्या टिकल्या तर चांगलं समजा.

खरकटं तयार करणं

पार्सलची चंदेरी फॉइल, रबरबँड, टूथपिक, चहाच्या पुड्या आणि बटणसेल हाताने काढा. शेवटच्या वस्तूबद्दल विशेष सावध राहा, कारण काही बॅटऱ्यांत असणारं कॅडमियम अळीच्या अंगात साठत जातं.

मग तर्री. शेवभाजी, वांग्याची भाजी, डाळगंडोरी यांवर बोटभर तेल असतं. अळी अंगावरच्या छिद्रांतून श्वास घेते, तेलाचा थर तीच बुजवतो. रस्सा असलेलं खरकटं मोठ्या चाळणीत तासभर निथळू द्या आणि वर आलेलं तेल वेगळं करा. लोणचं, पापड आणि ठेचा बाजूला. नंदुरबारच्या मिरची बाजारातला टाकाऊ माल कितीही फुकट मिळो, घेऊ नका.

बट्टीचं वेगळं तंत्र आहे. लग्नाच्या पंगतीतून येणारी तुपातली बट्टी दगडासारखी होते आणि अळी ती बाहेरून चाटत राहते. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी हाताने कुस्करा, मग गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीत मिसळा. भिजवायला वापरलेलं पाणी त्यातच मुरलेलं असतं, म्हणून वेगळं पाणी घालायचं नाही.

बाकी सगळं १ ते २ सेंटिमीटरचं करा. लहान कडबाकुट्टी चालते, पण लगदा होईपर्यंत दळू नका; लगद्यात हवा राहत नाही.

ओलावा ७० ते ८० टक्के हवा. मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून पाच-सात थेंब पडले तर ठीक, धार लागली तर जास्त. धार लागली तर कोंडा, तुरीची फोलपटं किंवा कोरडा चोथा मिसळा. मूठ कोरडी राहिली तर पाणी शिंपडा.

रावेर-यावलकडे केळी आयतीच मिळते आणि मोह होतो. पिकलेली टाकाऊ केळी उत्तम, पण एकटी नको. साखर भरपूर, प्रथिन कमी. एकूण खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवा आणि सोबत डाळ-भात किंवा चुनी द्या. साली सावकाश संपतात. केळीचा खांब मात्र अळीचं खाद्य नाही. त्यातला चिवट तंतू ती पचवत नाही. तो गांडूळखताकडे न्या.

भाजीबाजारातला पाला येतो तेव्हा त्यावर कीटकनाशक असण्याचीच शक्यता धरून चाला. अळी हाही कीटकच. प्रत्येक नवीन ठिकाणच्या मालाची वाटीभर चाचणी करा: २०० अळ्या, पाव किलो माल, २४ तास. दहापेक्षा जास्त अळ्या लुळ्या पडल्या तर तो माल नाकारा.

लग्नसराईत एका रात्रीत २०० किलो येतं आणि आचारी म्हणतो, ‘घेऊन जा.’ क्रेटमध्ये जास्त ओतून ते संपत नाही. झाकणबंद ड्रममध्ये दाबून भरा, १०० किलोंमागे लिटरभर आंबट ताक आणि अर्धा किलो गूळ घालून हवाबंद करा. आंबट वासावर टिकलं तर आठवडाभर पुरवून वापरता येतं. सडका वास आला तर तो ड्रम अळ्यांना न घालता थेट खतात लावा.

क्रेटमधले १२ दिवस

पहिल्या दिवशी ५ किलो खाद्य पसरा, थर दोन-अडीच सेंटिमीटर होतो. मध्यभागी मोजलेल्या अळ्या ठेवा. त्या आपोआप पांगतात. पाचव्या दिवशी वरचा थर काळसर, कोरडा आणि दाणेदार दिसला तरच पुढचे ५ किलो. आधीचं शिल्लक असेल तर एक दिवस थांबा. एकूण थर सात सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, तळाच्या खाद्यापर्यंत अळी जात नाही आणि ते कुजतं.

रोज सकाळी आणि दुपारी तीन वाजता दांडीवाला थर्मामीटर क्रेटच्या मधोमध खुपसा. ३५ पर्यंत निश्चिंत. ३८ ला थर हाताने उकरून पसरवा, पंखा लावा. चाळिशीला अळ्या भिंतीवर चढायला लागतात. पळ काढण्याची ती खूण आहे. अशा वेळी निम्म्या अळ्या रिकाम्या क्रेटमध्ये हलवा.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत वेळापत्रकच बदला: क्रेटमागे ६,००० अळ्या, ३ किलोंचा हप्ता, खाद्य संध्याकाळी सहानंतर. रोजचं ३० किलो पेलायचं असेल तर क्रेट साधारण पावणेदोनपट लागतील. डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्री १० अंशांपर्यंत पारा उतरतो, अळी सुस्तावते, १२ दिवसांचे १८ होतात. क्रेट जवळजवळ सरकवा, वर गोणपाट टाका, पंखा बंद. भरिताच्या दिवसांत वांग्याची भाजलेली सालं पोत्याने येतात. राख झटकून थोडी-थोडी मिसळा, नुसत्या सालीवर क्रेट चालत नाही.

अमोनियाचा झोंबणारा वास आला तर डाळ जास्त आणि हवा कमी. फोलपटं मिसळून उकरा. आंबट वास फारसा चिंतेचा नाही, फक्त थर पातळ करा. पांढऱ्या, टोकदार, झरझर पळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या घरमाशीच्या. आपली अळी चपटी, जाड कातडीची आणि सावकाश असते. खाद्य उघडं ठेवल्याची ती पावती. लालसर बारीक कोळीकिडे दिसले तर ओलावा कमी करा आणि तो क्रेट पैदाशीसाठी अजिबात वापरू नका.

काढणी

यूट्यूबवर उतरत्या फळीवरून अळ्या आपोआप बादलीत पडताना दाखवतात. बादलीभर छंदासाठी ते ठीक आहे. क्रेटच्या कामात त्याची वाट बघू नका: सगळ्या अळ्या काळ्या होईपर्यंत थांबलं तर कातडी जाड होते आणि खाद्य म्हणून पचायला जड जाते. शेकडा पाच-दहा काळ्या दिसल्या की काढा.

आदल्या दोन दिवसांत खाद्य बंद ठेवा म्हणजे चोथा सुटा होतो. ३ ते ५ मिलिमीटर जाळीच्या चाळणीने चाळा. चोथा ओला असेल तर चाळणी तुंबते. कोरडी फोलपटं घालून एक दिवस थांबणं हाच उपाय, जोर लावून अळ्या चिरडू नका.

ताज्या अळ्या कोंबड्यांना त्याच दिवशी द्या, कोंबडीमागे २० ते २५ ग्रॅम, बाकीचं धान्य चालू ठेवून. साठवायच्या असतील तर धुऊन उकळत्या पाण्यात २ ते ३ मिनिटं टाका, निथळा आणि जाळीवर पातळ पसरून उन्हात वाळवा. सगळं वर्ष ज्या उन्हाशी भांडण चालतं ते इथे कामाला येतं: मे महिन्यात दोन दिवसांत अळी कुरकुरीत होते. पावसाळ्यात ड्रायर नसेल तर वाळवण्याच्या नादी न लागता ताज्याच खपवा. वाळलेला माल हवाबंद डब्यात, सावलीत, दोन महिन्यांत संपवा. चरबीमुळे खवट होतो. चाळताना आणि दळताना तोंडाला मास्क, या धुळीने अनेकांना खोकला आणि खाज सुटते.

चोथा रोज ८ ते १० किलो निघतो. तो खत म्हणून तसाच विकला जातो, हे चुकीचं आहे. ताज्या चोथ्यात अमोनिया असतो, रोपाची मुळं जळतात. ढीग करून ओलं गोणपाट झाका, आठवड्यातून एकदा उलथा, तीन-चार आठवडे मुरू द्या. हाताला गरम लागायचा थांबला आणि मातीचा वास आला की तयार. शिजवलेल्या अन्नातलं मीठ त्यात उतरलेलं असतं, म्हणून कुंड्यांत वारंवार घालू नका. केळीच्या किंवा लिंबाच्या बागेत बुंध्यापासून हातभर लांब, शेणखतात निम्मं मिसळून आणि लगेच पाणी देऊन टाका. कोवळ्या टिश्यूकल्चर रोपांना पहिले दोन महिने देऊच नका.